अयोध्याबाईंचा ताप

भूम तालुक्यात मला सगळे डॉक्टर म्हणतात. मी डॉक्टर नाही. पशुधन पर्यवेक्षक हे माझं सरकारी नाव. म्हणजे शेळ्यांना सुया टोचायच्या, म्हशी तपासायच्या, आणि खरे डॉक्टर बैठकीला गेले की त्यांच्या खुर्चीत न बसता त्यांचं काम करायचं. एकोणतीस वर्षं हे केलं, पुढच्या वर्षी निवृत्त होईन. हे सांगायचं कारण एवढंच, की अयोध्याबाईंची हकीकत सांगताना मी मधूनमधून डॉक्टर लोकांना टोमणे मारणार आहे. तो हक्क मला कितपत आहे, ते पुढं येईलच.

अयोध्याबाई भूमपासून अकरा किलोमीटरवर एका धनगरवस्तीवर राहतात. वय पन्नाशीच्या आसपास. घरात नवरा वैजनाथ, एकुलता मुलगा बिरदेव, आणि दावणीला साठएक उस्मानाबादी शेळ्या, काळ्याभोर आणि लांब कानाच्या. कळप वैजनाथच्या नावानं ओळखला जायचा, पण शेळीचं काही अडलं की लोक विचारत यायचे ते अयोध्याबाईंना. शेळी व्यायला अडली, करडू पोटात आडवं आलं, व्याल्यावर वार पडेना, की आसपासच्या पाच-सहा गावांतून मोटारसायकली यायच्या आणि बाई मागं बसून जायच्या. माझ्याकडं लोक नंतर यायचे, शेळी मेल्यावर, विम्याच्या दाखल्यासाठी.

त्यांची पद्धत मी कैकदा पाहिली आहे. बांगड्या काढून पदराच्या टोकाला बांधायच्या, हाताला गोडंतेल चोळायचं आणि डोळे मिटून हात आत घालायचा. डोळे मिटल्यावर बोटांना जास्त दिसतं, असं त्या म्हणत. करडू बाहेर आलं आणि निपचित पडलं, तर त्याच्या नाकाला तोंड लावून चिकटा ओढायचा, थुंकायचा आणि परत ओढायचा. अशी मेल्यात जमा झालेली करडं उठून उभी राहिलेली मी पाहिली आहेत. मी एकदा त्यांना रबरी हातमोजे नेऊन दिले. त्यांनी घालून बघितले आणि काढून माझ्या हातात दिले.

"साहेब, ह्यानं काय कळत न्हाय, पाय हाय का मान हाय."

तरी मी ठेवून आलो. पुढच्या खेपेला ते गोठ्याच्या मेढीला टांगलेले दिसले, एकात मेथीचं बी आणि दुसऱ्यात मीठ. मी हसलो. ते का घालायचे, हे मी त्यांना सांगितलं नव्हतं, त्यांनी विचारलं नव्हतं.

त्यांचा एक नियम होता, सासूकडून आलेला. जी शेळी गाभडली, म्हणजे दिवस भरायच्या आत जिचं पिल्लू पडलं, ती कळपात ठेवायची नाही. तिच्या कपाळाला गेरूचा ठिपका द्यायचा आणि येत्या बाजाराला काढून टाकायची. "एकडाव गाभडली ती दरसाल गाभडती," असं त्यांचं शास्त्र. आमच्या पुस्तकात उलट लिहिलंय. काही रोगांत शेळी बहुधा पहिल्यांदाच गाभडते आणि पुढच्या वेताला धड व्यायते. पण पुस्तक काढून अयोध्याबाईंपुढं वाचायची माझी छाती झाली नाही. ज्या बाईनं हजारभर करडं हातावर घेतली तिला मी काय शिकवणार, असं मला वाटायचं. खरं सांगायचं तर कंटाळाही यायचा.

दोन वर्षांपूर्वी दिवाळी झाली आणि महिन्याभरात त्यांच्या कळपात नऊ शेळ्या गाभडल्या. नऊच्या नऊ वारी बाईंनी हातानं ओढून काढल्या. मी शेळ्यांचं रक्त घेऊन प्रयोगशाळेला पाठवलं. अहवाल यायला पावणेदोन महिने लागले. त्यात नाव होतं ब्रुसेला, शेळ्या गाभडवणारा जंतू. ते मी नोंदवहीत उतरवलं, वस्तीवर गेलो आणि वैजनाथला सांगितलं की पडलेली वार खोल पुरा, वर चुना टाका, गाभडलेल्या शेळ्या वेगळ्या बांधा. वैजनाथनं मान डोलावली आणि बाईंनी चहा केला. गेरूचे ठिपके लागलेल्या शेळ्या तोवर विकूनही झाल्या होत्या.

पुढच्या उन्हाळ्यात अयोध्याबाईंना ताप आला.

ताप असा, की सकाळी बाई चांगल्या असायच्या. तिन्हीसांजेला अंग कढायचं, घाम इतका सुटायचा की गोधडी पिळावी लागायची. आठवडाभर ताप, मग चार दिवस काही नाही, मग पुन्हा. सांधे धरायचे. भूममधल्या एका डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि टायफॉईड सांगितला. सलाईन, सुया, पाच दिवस. ताप गेला. महिन्यानं परत आला, डॉक्टरांनी परत टायफॉईड सांगितला. दिवाळीच्या आत तिसऱ्यांदा. एका माणसाला वर्षात तीन वेळा टायफॉईड होतो का, हे विचारावं असं कुणाला वाटलं नाही. वस्तीवर तर बाईंच्या पाण्यालाच दोष दिला. डॉक्टर म्हणाले उकळून प्या, तेव्हापासून त्या घरात पाणी उकळायला लागलं. पाणी उकळायचं, दूध नाही.

मग कंबर गेली. इतकी, की परसाकडं जायला बिरदेवच्या खांद्याचा आधार लागायचा. बार्शीला हाडांच्या डॉक्टरांकडं नेलं. मणक्याची तपासणी झाली. दोन मणके एकमेकांना लागलेल्या बाजूनं कुरतडल्यासारखे दिसत होते. वजन अकरा किलोनं घटलेलं, संध्याकाळचा ताप, रात्रीचा घाम. डॉक्टर म्हणाले, मणक्याचा टीबी. थुंकी स्वच्छ निघाली, पण मणक्याच्या टीबीत थुंकी स्वच्छ निघू शकते, हेही खरं. इथं मी टोमणा मारणार नाही. पाठीचा एवढा पुरावा समोर असताना या भागातला कुठलाही डॉक्टर टीबीच म्हणाला असता. आपल्याकडं टीबी आहेच तेवढा. आणि त्यांना कुणी शेळ्यांविषयी सांगितलं नाही. कोण सांगणार? कंबर दुखते म्हणून आलेली बाई शेळ्यांचं बाळंतपण कशाला काढेल?

वर्षभराच्या सरकारी गोळ्या सुरू झाल्या, त्यातली एक लघवी लाल करणारी. घरात बाईंचं ताट वेगळं झालं, पेला वेगळा झाला. आणि दूध सुरू झालं.

क्षयाला शेळीचं दूध, हे आपल्याकडं पोराटोरांनाही माहीत असतं. ते औषध बाईंच्या अंगणातच बांधलेलं होतं. काबरी नावाची एक शेळी होती, काळ्या कळपात एकटीच पांढऱ्या ठिपक्यांची, दुधाला सगळ्यांत चांगली. सकाळी सकाळी वैजनाथ तिची धार थेट पेल्यात काढायचा आणि बाई फेसासकट, ऊन ऊन, तसंच प्यायच्या. तापवलं की गुण जातो, असं त्यांच्या घरात मानत. रोज दोन पेले.

दोन महिन्यांत बाई उठल्या. ताप गेला, घाम थांबला, बाई काठी टेकत गोठ्यापर्यंत जायला लागल्या. सगळं श्रेय काबरीला मिळालं. वस्तीवरच्या बायका येऊन तिच्या अंगावरून हात फिरवून जायच्या. मीसुद्धा, मला आठवतंय, वैजनाथला म्हणालो होतो, "बघा, शेळीचं दूध म्हणजे दूधच." माझ्या तोंडचं हे वाक्य मी नंतर वस्तीवर दुसऱ्यांच्या तोंडून पुष्कळदा ऐकलं.

आता समृद्धीकडं येतो. बिरदेवची ही बायको. माहेर अणदूर. तिचे वडील बंडप्पा शेती करतात, थोडी मेंढरंही आहेत. बारावी झालेली, कमी बोलणारी मुलगी. सासू अंथरुणाला खिळली तेव्हा लग्नाला वर्षही झालं नव्हतं. बाईंचं हगणंमुतणं, आंघोळ, जेवण सगळं तिनं केलं, आणि ते करताना नाक मुरडलं नाही, हे बाईच सांगतात. बाई हिंडूफिरू लागल्या त्याच सुमाराला समृद्धीला दिवस गेले. अयोध्याबाईंना काय आनंद झाला! बिरदेवच्या पाठीवर त्यांना तीन मुलं झाली होती, एकही राहिलं नव्हतं. नातवंड मांडीवर घ्यायचं म्हणून मी मरणाच्या दारातून परत आले, असं त्या सगळ्यांना सांगायच्या.

मग दुसरा पेला समृद्धीचा झाला.

तिनं पहिल्या दिवशी पातेलं चुलीवर ठेवलं होतं. बाईंनी स्वतः उठून, कंबर धरून, ते खाली उतरवलं. "आगं, तापवलं की त्यातला जीव जातो. माझ्याकडं बघ, ह्याच्यावरच उठले ना म्या?" समृद्धी पेला प्यायली. रोज प्यायली.

पाचव्या महिन्यात तिला दोन दिवस ताप भरला, अंग ठणकलं आणि तिसऱ्या दिवशी दवाखान्यात पोचायच्या आत सगळं संपलं. मुलगी होती. डॉक्टर म्हणाले, होतं कधीकधी असं, ताप होता, अशक्तपणा होता, पुढच्या वेळी काळजी घ्या. घरी आल्यावर चार दिवस अयोध्याबाई कुणाशी बोलल्या नाहीत. पाचव्या दिवशी बोलल्या, ते अंगणात, शेजारच्या बायका बसल्या असताना.

"कूस कच्ची हाय तिची. एकडाव गाभडली ती दरसाल गाभडती."

मी त्या दिवशी तिथं लाळ-खुरकताच्या लसी टोचत होतो. हे वाक्य मी ऐकलं. समृद्धी दारात होती, तिनंही ऐकलं. ती आत गेली. मी पुढची शेळी धरली.

यानंतर जे झालं ते हळूहळू झालं, भांडण न होता. समृद्धीला आरामाला म्हणून अणदूरला पाठवलं. महिना झाला, दोन झाले, कुणी आणायला गेलं नाही. वस्तीवर कुणाच्या ओटीभरणाला जाताना अयोध्याबाई म्हणायच्या, बरं झालं ती इथं न्हाय, अपशकून नको. बिरदेव मऊ स्वभावाचा. आईपुढं तो बोलला नाही आणि सासरी जाऊन बसला नाही. फोन करायचा, समृद्धी उचलायची नाही. तिसऱ्या महिन्यात बंडप्पाचा निरोप आला, की न्यायची नसेल तर चार माणसं बसवून काडीमोड करून टाका, पोरीला असं लोंबकळत ठेवू नका. तारीख ठरली. अयोध्याबाईंनी बिरदेवसाठी दुसरीकडं विचारणाही सुरू केली होती. त्यात वाईट हेतू होता असं मला म्हणता येत नाही. शेळ्यांच्या बाबतीत जे बरोबर वाटत आलं, तेच त्यांनी घरात लावलं.

तारखेच्या तीन आठवडे आधी बाईंचा ताप परत आला.

टीबीच्या गोळ्यांचा नववा महिना चालू होता, एकही गोळी चुकली नव्हती. कंबर पुन्हा पहिल्यासारखीच गेली. बार्शीचे डॉक्टर काळजीत पडले. औषधाला दाद न देणारा टीबी असावा, असं म्हणाले, आणि मणक्यातून सुईनं पू काढून तपासायला त्यांना सोलापूरच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तसल्या टीबीच्या औषधांचा त्रास काय असतो, बहिरेपण येऊ शकतं वगैरे, हे बिरदेवला कुणीतरी सांगितलं. तो पार खचला.

सोलापुरात बाईंना तपासायला आली ती शबनम नावाची तरुण डॉक्टर. ती मूळची भूमची. तिचे वडील आयुबभाई शेळ्यांचे व्यापारी. आमच्या बाजारात पंचवीस वर्षं त्यांचा शब्द चालतो. ही मुलगी लहानपणी वडिलांबरोबर बाजारात यायची, शेळीचे दात बघून वय सांगायची. हे सगळं मला आयुबभाईंनीच अभिमानानं सांगितलेलं.

पुढचं बिरदेवनं सांगितलं. शबनमनं कागद वाचले, मग बाईंचा हात हातात घेतला आणि तळवा उलटासुलटा करून बघितला. म्हणाली, "मावशी, घरी काय करता?"

"शेरडं."

"किती?"

"हायती साठेक."

"गाभडतात का?"

बाई तिच्याकडं बघत राहिल्या. आजवर इतक्या दवाखान्यांत गेल्या, शेळ्यांचं कुणी विचारलं नव्हतं. "मागं नऊ गाभडल्या हुत्या."

"वार कोण काढतं?"

"म्याच काढते. हातानं."

"आणि दूध? तापवून पिता का तसंच?"

"तसंच. टीबीला तसंच लागतं न्हवं?"

 शबनमनं रक्त घेतलं, वेगळ्या तपासणीला पाठवलं. तिच्या वडलांनाही बारा वर्षांपूर्वी असाच ताप आला होता, असाच घाम, आणि त्यांनीही वर्षभर टीबीच्या गोळ्या खाल्ल्या होत्या. हे तिनं नंतर सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला आयुबभाईंचा फोन आला. "साहेब, सोलापूरहून माझी पोरगी बोलतेय, फोन जोडून देतो." शबनमनं नमस्कार केला आणि अदबीनं विचारलं, "काका, भूम तालुक्यात अयोध्याबाईंच्या कळपाची ब्रुसेलाची तपासणी कधी झाली होती का?"

"झाली होती," मी म्हणालो.

"काय निघालं होतं?"

"निघाला होता."

"कधी?"

मी नोंदवही काढली. तारीख वाचून दाखवली. पावणेदोन वर्षं झाली होती.  ती म्हणाली, "मला त्या पानाचा फोटो पाठवता का, प्लीज?"

ओरडली असती तर बरं झालं असतं. हा रोग शेळ्यांपासून माणसाला होतो, हे मला माहीत होतं. शिकताना परीक्षेत हा प्रश्न पाच मार्कांना आला होता आणि मला साडेचार मिळाले होते. ती बाई उघड्या हातानं वार काढते, हे मला माहीत होतं. कच्चं दूध पिते, हेही. ताप येतो, कंबर गेली, टीबी सांगितला, सगळं मी त्यांच्याच अंगणात चहा पिताना ऐकलं होतं. पण जनावरांचा दवाखाना वेगळा आणि माणसांचा वेगळा, असं माझ्या डोक्यात इतकं पक्कं बसलं होतं, की या दोन गोष्टी कधी शेजारी आल्या नाहीत. डॉक्टरांना शिव्या द्यायची मला सवय आहे. त्या डॉक्टरांना किमान माहीत तरी नव्हतं. मला स्वतःची लाज वाटली, आणि ती अजून गेलेली नाही.

रक्ताचा निकाल आला. ब्रुसेलाच होता. पूतले जंतू वाढवून बघितले त्याचा अहवाल नंतर आला, त्यातही तोच, टीबीचे जंतू नव्हते. शबनमनं सांगितलं, की हा ताप टायफॉईडचं सोंग घेतो, मणक्यात गेला की टीबीचं. लघवी लाल करणारी जी गोळी होती, ती या रोगावरही चालते, म्हणून पहिल्या दोन महिन्यांत उतार पडला. पण ती एकटी पुरत नाही. आणि शिवाय रोज सकाळी पेला भरून तोच रोग पुन्हा पोटात जात होता. त्या दोन महिन्यांचं श्रेय काबरीचं नव्हतं. काबरीचं रक्त मी नंतर तपासलं, तिच्यात रोग होता.

मी सोलापूरला गेलो तेव्हा औषधं सुरू झाली होती. खाटेपाशी वैजनाथ, बिरदेव आणि मी उभे होतो. शबनमनं विचारलं, "घरात हे दूध अजून कोण प्यायचं?"

वैजनाथ म्हणाला, "म्या पितो कवातरी." बिरदेव दुधाला हात लावत नाही, त्याला फक्त चहा लागतो.

अयोध्याबाई भिंतीकडं बघत होत्या. म्हणाल्या, "सून प्यायची. म्याच पाजायचे."

"ती कुठं असते? तिचं रक्त तपासावं लागेल. गरोदर तर नाही ना? कारण यात..."

"व्हती," बाई म्हणाल्या. "पाचव्यात पडलं."

 शबनम म्हणाली, की यामुळंच पडलं असं छातीठोक सांगता येणार नाही, बाकीही कारणं असतात. तिनं समजूत घालायचा प्रयत्न केला. अयोध्याबाईंना त्याची गरज नव्हती. नऊ शेळ्यांची वार ज्या बाईनं हातानं काढली, तिला ते डॉक्टरच्या आधी कळलं होतं. त्यांनी चेहऱ्यावर पदर घेतला. 

समृद्धीचं रक्त अणदूरहून तुळजापूरला नेऊन तपासलं. दोष निघाला. गोळ्यांनी बरा होण्यासारखा होता, पुढच्या मुलाला धोका नव्हता. कागद माझ्या मोबाईलवर आला. तिला फोनवर फक्त गोळ्या सांगितल्या. कारण अयोध्याबाई म्हणाल्या, "बाकीचं म्या सांगनार."

काडीमोडाची तारीख आठ दिवसांवर होती. वैजनाथचं म्हणणं वेगळं होतं. सुनेला परत आणू, ते ठीक, पण कारण चारचौघांत सांगायचं नाही. कळपाला रोग आहे हे एकदा फुटलं, की भूमच्या बाजारात त्याच्या शेळीकडं कुणी बघणार नाही. आयुबभाईसुद्धा नाही. "शेरडं आधी हळूहळू काढू, मग काय बोलायचं ते बोल," असं तो बायकोला म्हणाला. मी तिथंच होतो. रोगी शेळ्या दुसऱ्याच्या दावणीला जाऊ देणार नाही, असं मी म्हणालो, आणि एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा वैजनाथ माझ्यावर ओरडला.  ठरल्या दिवशी अयोध्याबाई कमरेला पट्टा बांधून जीपमध्ये जाऊन बसल्या.

अणदूरला बंडप्पाच्या अंगणात घोंगडी अंथरली होती. त्यांच्याकडचे दोन वडीलधारे, आमच्याकडचे आम्ही. समृद्धी आत, दाराच्या आड. चहापाणी झालं. कोण सुरुवात करणार म्हणून सगळे एकमेकांकडं बघत होते, तेवढ्यात उभ्याच असलेल्या बाई पुढं झाल्या. त्यांना खाली बसता येत नव्हतंच.

"पोरीत खोट न्हाय," त्या म्हणाल्या. "आमच्या शेरडांत रोग हाय. त्यो मला झाला. रोगाचं दूध म्या तिला पाजलं. ती तापवाया बगत हुती, म्या तापवू दिलं न्हाय. तिचं बाळ माझ्या हातनं गेलं. आन वर म्या तिलाच नावं ठिवली, समद्या वस्तीपुढं."

वैजनाथ खाली मान घालून घोंगडीची दशी ओढत होता. वडीलधाऱ्यांतल्या एकानं माझ्याकडं बघितलं. बाईचं डोकं ठिकाणावर आहे का, असं त्यांना विचारायचं असावं. मी सांगितलं की खरं आहे, आणि हेही सांगितलं, की मला पावणेदोन वर्षांपूर्वी कळलं होतं, मी बोललो नाही. त्यांना माझ्यात फारसा रस नव्हता.

बंडप्पाचा चेहरा मात्र एकदम उजळला. इतके दिवस मान खाली घालून हिंडलेला बाप तो. "मग झालं की!" तो म्हणाला. "पोरीत खोट न्हाय म्हंजे परश्नच मिटला. गोळ्या झाल्या की धाडून देतो. आरं, च्या टाका अजून." दोघं वडीलधारेही हसले. बिरदेवनं पहिल्यांदा मान वर केली. सगळ्यांना घाई झाली होती, चांगलं झालं म्हणायची.

समृद्धी दारात आली. वाळली होती. सासूकडं सरळ बघत म्हणाली, "आत्या, आन खोट माझ्यातच असती तर?"

 बंडप्पा म्हणाला, "आगं, आता कशाला ते..." पण ती त्याच्याकडं वळली नाही.

अयोध्याबाईंना गोड काहीतरी बोलता आलं असतं. तसं बोललं असतं तर ती मुलगी त्याच दिवशी आमच्याबरोबर जीपमध्ये बसली असती, असं मला आजही वाटतं. बाईंनी कंबरेच्या पट्ट्यावर हात ठेवला.

"तर म्या तुला न्याया आले नसते," त्या म्हणाल्या. "खरं सांगते पोरी, नसते आले."

समृद्धीनं मान हलवली. "व्हय," ती म्हणाली. "मला बी तसंच वाटत हुतं." आणि ती आत गेली.

आम्ही तिघंचौघं तसेच परत आलो. काडीमोड झाला नाही, ती आलीही नाही. या गोष्टीला आता चार महिने झाले. बाईंचा ताप गेला, कंबर बरीच सुधारली. रोगी निघालेल्या शेळ्या कुणाला न विकता संपवाव्या लागल्या, कळप निम्म्यावर आला. वैजनाथ बायकोशी कामापुरतं बोलतो, माझ्याशी तेवढंही नाही. बिरदेव दर आठवड्याला एसटीनं अणदूरला जातो, सासऱ्याच्या अंगणात बसतो, संध्याकाळी परत येतो. गेल्या दोन वेळा समृद्धीनं त्याला चहा दिला, एवढं त्यानं मला सांगितलं.

परवा मी वस्तीवर गेलो होतो. शेजारच्या दोघीतिघी अंगणात बसल्या होत्या. त्यातली एक म्हणाली, सासूनं एवढं चारचौघांत कबूल केलं, तरी नाक वर करून बसलीय, काय म्हणावं असल्या सुनेला. अयोध्याबाई एका शेळीचे खूर कापत होत्या. त्यांनी सुरी खाली ठेवली.

"ती येईल न्हायतर न येईल," त्या म्हणाल्या. "पर तिचं चुकलं आसं ह्या अंगणात कुनी म्हनायचं न्हाय."

ती बाई उठून गेली. अयोध्याबाईंनी पुढचा खूर धरला.